शब्दचर्चा : ‘साहचर्य’ आणि ‘सहसंबंध’

प्रश्न : द्विध्रुवी विकार (बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांचे झटके येणारा आजार) आणि स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) यांच्या जनुकीय संशोधनाविषयी मराठीत वाचताना ‘असोसिएशन’ आणि ‘कोरिलेशन’ या दोन्हींसाठी ‘सहसंबंध’ हाच शब्द आढळतो. दोन्हींचा अर्थ एकच मानावा का?

प्रतिसाद : मानू नये. संख्याशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘सहसंबंध’ हा शब्द ‘कोरिलेशन’साठी रूढ आहे, तो तेथेच राखून ‘असोसिएशन’साठी ‘साहचर्य’ वापरावे. साहचर्याच्या अभ्यासात हजारो रुग्णांच्या आणि विकार नसलेल्या हजारो व्यक्तींच्या डीएनएची तुलना करून, एखाद्या ठिकाणचा बदल रुग्णांमध्ये किंचित अधिक वेळा आढळतो का, हे लाखो ठिकाणी तपासले जाते. इतक्या चाचण्यांत काही ठिकाणे निव्वळ योगायोगानेही पुढे येणारच, म्हणून तशा योगायोगाची संभाव्यता 10 कोटींत 5 पेक्षा कमी असल्याशिवाय साहचर्य मान्य होत नाही. डीएनएवरची अशी ठिकाणे, म्हणजे जनुकस्थाने, स्किझोफ्रेनियासाठी 2014 मध्ये 108 आणि 2022 मध्ये 287, तर द्विध्रुवी विकारासाठी 2021 मध्ये 64 नोंदवली गेली.

सहसंबंध एका ठिकाणाचा नसतो. दोन विकारांकडे झुकवणारे असंख्य बारीक बदल एकंदरीने किती जुळतात, याचे ते माप असून या जोडीत ते सुमारे 0.7 आहे (0 म्हणजे काहीच जुळणी नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी). जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी 1899 मध्ये या दोन आजारांत जी स्पष्ट सीमारेषा आखली, तिचा पुनर्विचार करायला लावणारा हा आकडा आहे. मात्र एका विकाराच्या 70 टक्के रुग्णांना दुसराही होतो, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

आणखी एक प्रतिसाद : वरील भेद मला पूर्ण मान्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की ‘स्किझोफ्रेनियाचे जनुक सापडले’ असे मथळे टाळले पाहिजेत, कारण साहचर्य जनुकस्थानाशी असते, त्या परिसरातले नेमके कोणते जनुक कार्य करते हे पुढे वेगळे शोधावे लागते, आणि एकेका बदलाचा परिणाम अत्यल्प असतो. एकबीज जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होतोच असे नाही. आपल्याकडे लग्न जुळवताना ‘आनुवंशिक’ हा शब्द ‘पुढच्या पिढीत येणारच’ या अर्थाने ऐकला जातो आणि रुग्णाच्या भावंडांना त्याची झळ सोसावी लागते; म्हणून अशा लेखनात ‘जनुकीय जोखीम’ असेच लिहावे, असा माझा आग्रह आहे.