पिकलबॉलमध्ये समोरून बॉल जोरात आला की माझा ब्लॉक वर उडतो, रिसेट (जोराचा बॉल मंद करून नेटजवळ पाडणं) शिकायचा कसा?

शटलवाली_ठाणे
नमस्कार मंडळी. कॉलेजात बॅडमिंटन बऱ्यापैकी खेळायचे, आता वय ४३, सोसायटीच्या टेनिस कोर्टवर गेल्या वर्षी पिकलबॉलच्या लाइनी मारल्या आणि तेव्हापासून मी आणि नवरा रोज सकाळी सहाला हजर. सर्व्ह ठीक आहे, स्मॅश तर जुनीच खोड, डिंकपण (नेटजवळून हळूच पलीकडे टाकलेला बॉल) जमतो जोवर समोरचा निवांत खेळतोय. पण एकदा का कोणी अंगावर सणसणीत मारला की माझा बॉल असा वर उडतो की अगदी ताटात वाढून दिल्यासारखा, पुढच्या फटक्याला पॉइंट गेलाच. आमच्याकडे इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत त्यांना हे बरोबर कळलंय, आता सगळे बॉल माझ्याकडेच येतात आणि नवरा बाजूने "अगं हळू, हळू" करत असतो. हळू म्हणजे नक्की काय करू? व्हिडिओत सगळे म्हणतात हात सॉफ्ट ठेवा, अहो बॉल तोंडावर येतोय तेव्हा हात सॉफ्ट ठेवायचा कसा ते सांगा ना. बॅडमिंटनमध्ये माझा डिफेन्स चांगला होता हो, म्हणून जास्त चिडचिड होते.

गल्लीतला_विकेटकीपर
ताई, बॅडमिंटनचा डिफेन्स चांगला होता तिथेच घोळ आहे 😄 शटल हवेत मंदावतं, स्मॅश परत उचलायचा तर मनगटाचा झटका द्यावाच लागतो. इथे पॅडलला जाळी नाही, सपाट कडक फळी, त्यावर प्लास्टिकचा बॉल, आलेला वेग आयता परत जातो, त्यात तुमचा झटका मिसळला की उडालाच.

द्रविड स्पिनरला कसा खेळायचा आठवा, बॉल बॅटला लागून पायाशीच मरायचा, शॉर्टलेगवाला हात पसरून बसलेला असायचा पण कॅच काही मिळायचा नाही, कारण खालचा हात ढिला. तेच करायचंय. पकड दहापैकी तीन-चार, कोणी पॅडल ओढलं तर हातातून सुटून जाईल इतपत. पॅडल छातीसमोर पुढे धरायचं, मागे न्यायचंच नाही, बॉल लागला की दोन बोटं मागे येऊ द्यायचं. बस.

घरी एक करून बघा, बॉल डोक्याच्या वर उडवायचा आणि टप्पा न पडता पॅडलवर झेलायचा, अंडं झेलल्यासारखा, पॅडल बॉलबरोबर खाली न्यायचं. मला पहिले दोन दिवस एकपण जमला नव्हता, टक टक वाजायचं आणि बायको आतून ओरडायची. आवाज कमी झाला की समजा हात ढिला पडायला लागलाय.

डोंबिवलीकर७८
पॅडल कुठलं आहे? १३-१४ एमएम जाडीचं असेल तर बदला, १६ एमएमवर बॉल कमी उडतो, माझा स्वतःचा अनुभव आहे.

गल्लीतला_विकेटकीपर
@डोंबिवलीकर७८ फरक पडतो पण उगाच खर्चात पाडू नका हो त्यांना, मूठ आवळलेली असेल तर १६ काय नि २० काय, उडणारच.

सिएटलचा_काका
मी मूळचा साताऱ्याचा, आता इथे सिएटलला. ज्या बेनब्रिज बेटावर १९६५ मध्ये हा खेळ सुरू झाला ते इथून फेरीने अर्ध्या-पाऊण तासावर, त्यामुळे इथे सत्तरीची माणसं पण असला सॉफ्ट खेळ खेळतात की जवान पोरं घाम पुसत बसतात. मी पहिले सहा महिने अशाच एका आजोबांकडून मार खाल्ला, त्यावरून सांगतो.

एक प्रश्न. बॉल अंगावर येतो तेव्हा तुम्ही कुठे असता? माझा अंदाज, किचनच्या (नेटलगतच्या पट्ट्याच्या) लाइनीला नाही, मध्येच कुठेतरी, आणि चालत. बेसलाइनपासून किचन लाइन १५ फूट, ते एका दमात गाठायचं असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. समोरच्याचं पॅडल हलायला लागलं की जिथे असाल तिथे थांबायचं, पाय पसरून, गुडघे वाकवून, मग खेळायचं, मग पुन्हा दोन पावलं. चालता चालता मारलेला रिसेट उडतोच, हात कितीही ढिला ठेवा.

दुसरं, पाठवायचा कुठे. नेट कडेला ३६ इंच आणि मधोमध ३४, शिवाय तिरका मारला तर अंतर जास्त मिळतं, म्हणून घाबरल्यावर मधून तिरका. बॉलची उंची तुमच्याच बाजूला संपली पाहिजे आणि नेट ओलांडताना तो खाली उतरत असला पाहिजे, म्हणजे समोरच्या सात फुटांच्या किचनमध्ये पडेल आणि त्याला खालून उचलावा लागेल. खालून उचलणारा माणूस स्मॅश मारू शकत नाही, सगळा खेळ एवढ्यासाठीच आहे.

टीटीवाली_मावशी
वय विचारू नका 🙂 टेबल टेनिसमधून आले. अंगावर आलेला बॉल बॅकहँडनेच घ्यायचा बाई, उजव्या खांद्यावर आला तरी. फोरहँडने घ्यायला गेलं की कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर येतं आणि पोरं नेमका तिथेच मारतात. आणि जवळून जोरात मारलेला, खांद्याच्या वर आलेला बॉल बहुतेक वेळा बाहेर जाणार असतो, तो सोडायला शिक. मी सुरुवातीला निम्मे आऊटचे बॉल स्वतः पॅडल लावून जिवंत केलेत.

डोळ्यांना बॉल लागू नये म्हणून चष्मा घालतेस ना? नसशील तर आधी तो घे, बाकी सगळं नंतर.

शटलवाली_ठाणे
काका तुम्ही कोर्टवर कॅमेरा लावलाय का 😅 नवऱ्याला व्हिडिओ काढायला लावला, दहातले सात पॉप-अप (वर उडालेले बॉल) मी पुढे धावताना, आणि त्यातल्या चारच्या आधीचा माझाच डिंक नेटच्या फूटभर वरून गेलेला. म्हणजे पोरांना आमंत्रण मीच देत होते.

सिएटलचा_काका
मग अर्धं काम झालं. आता नवऱ्याला किचन लाइनीवर उभा करा, त्याने निम्म्या ताकदीने मारत राहायचं, तुम्ही कोर्टच्या मध्यावर उभं राहून फक्त किचनमध्ये पाडायचं, आत पडला तर तुम्हाला एक, उडाला तर त्याला एक, ११ पर्यंत. जिंकायला लागलात की त्याने ताकद वाढवायची. पूर्ण जोराने सुरू करू नका, त्यात फक्त मूठ आवळायची प्रॅक्टिस होते.

शटलवाली_ठाणे
तीन आठवड्यांनी सांगतेय. अंडं झेलणं जमतंय, नवऱ्याशी पहिल्यांदा ११-२ हरले, काल ११-९ जिंकले (तो म्हणतो मुद्दाम हरलो, असो). पोरांचे शनिवारी सलग चार फटके किचनमध्ये मारले, पाचवा त्यांच्यातल्या एकाने वैतागून नेटमध्ये घातला. बॅकहँड अजून ऐनवेळी विसरते. पण आता ती कार्टी डोक्यावरून लॉब मारायला लागलीत आणि नवरा मागे पळायला तयार नाही, त्याचं काय करू?

टीटीवाली_मावशी
लॉबचा वेगळा धागा काढ. तोवर एवढंच, उलट्या पावलांनी मागे जाऊ नकोस, वळून पळ. आमच्या ग्रुपमध्ये दोघांची मनगटं अशीच मोडली आहेत.