मदत हवी आहे: प्राचीन चिनी तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा कशा मांडू?

मोरपंखी: शनिवारी बोलायचंय. कन्फ्यूशियस, मोझी, ताओवादी, कायदेवादी अशी टिपणं काढलीत, पण सगळं सुटंसुटं वाटतंय. सुरुवात कुठून करू? प्लीज लवकर सांगा.

निवडुंग: वेळ किती? श्रोते कोण? आणि सहाच का? ही वर्गवारी सिमा तान या चीनच्या हान राजवटीतल्या दरबारी इतिहासकाराची, इ.स.पू. दुसऱ्या शतकातली. मूळ वाद त्याच्या आधीचे. लाओत्से किंवा च्वांगत्से स्वतःला ताओवादी म्हणवत नव्हते. शाखा सोडा, ग्रंथ धरा.

कंदील: असहमत. नवख्यांना शाखांचा आधार लागतोच, फक्त कालक्रम पाळा. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९), मग मोझी, मग कन्फ्यूशियसचा वारसा चालवणारा मेन्शियस. मोझी म्हणतो, आपपर न करता सगळ्यांची काळजी घ्या. थाटाचे अंत्यविधी, वाद्यमैफली बंद करा, लोकांच्या पोटाला चिमटा बसतो. मेन्शियस त्यावर उसळतो: मग बापाचं वेगळं स्थान काय राहिलं? मोझी गाळलात तर मेन्शियसचा राग कळणारच नाही.

सागरवेडा: बौद्ध विचार राहिला की! आणि युद्धकलेवाला सून त्झू?

निवडुंग: बौद्ध धर्म चीनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास पोचला, इथे नको. सून त्झू त्या सहांत नाही. हान ग्रंथसूचीत लष्करी ग्रंथांचा विभागच निराळा आहे.

मोरपंखी: २० मिनिटं. वाचनगट आहे, चीनबद्दल कुणीच काही वाचलेलं नाही.

कंदील: मग मेंढीचोराचा खटला घ्या. बापानं मेंढी चोरली, मुलानं त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. 'लुन्यू' या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाच्या १३व्या भागात कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाला आणि मुलगा बापाला पाठीशी घालतो, सचोटी त्यातच आहे. कायदेवादी हान फेई (मृत्यू इ.स.पू. २३३) पुढचं सांगतो: छू राज्याच्या प्रधानानं त्या मुलालाच देहदंड दिला, आणि तिथले गुन्हे वर कळणंच थांबलं. घर आणि राज्य एकाच मापानं चालत नाहीत, हा कायदेवाद्यांचा मुद्दा इथे उघड दिसतो. १० मिनिटं यालाच द्या.

निवडुंग: हे पटलं. जोडीला लाओत्सेच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाचा १८वा अध्याय घ्या: घरात बेबनाव झाला की मगच पितृभक्तीचं कौतुक सुरू होतं. लाओत्सेला कन्फ्यूशियस आणि हान फेई या दोघांचाही प्रश्नच मान्य नाही.

मोरपंखी: मस्त, मेंढीपासूनच सुरू करते. च्वांगत्सेला कुठे बसवू?

कंदील: २० मिनिटांत नको.

निवडुंग: का नको? ५ मिनिटं पुरतात. त्याच्या नावाच्या ग्रंथातल्या पहिल्या ७ अध्यायांबाहेर मात्र जाऊ नका, पुढचे बरेचसे इतरांच्या हातचे मानतात.