केळीच्या चेंबरमधला ऑक्सिजन मीटर

भाऊ, केळी पिकवायच्या चेंबरमधल्या ऑक्सिजन मीटरला वर्षभर डब्यात पडून असलेला सेल (ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर) लावला तर मेलेला निघाला, दुकानदारानं फसवलं, असं तुम्ही लिहिलंय. तो चार्ज करून बघा, असंही कोणी सुचवलंय. तसं करू नका, हा सेल चार्ज होत नाही.

आत दोन इलेक्ट्रोड, शिशाचा अॅनोड आणि सोन्याचा किंवा चांदीचा कॅथोड, मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण आणि तोंडावर टेफ्लॉनचा पातळ पापुद्रा. पापुद्र्यातून आत शिरलेला ऑक्सिजन कॅथोडवर इलेक्ट्रॉन घेतो. ते इलेक्ट्रॉन शिसं पुरवतं आणि स्वतः ऑक्साइड होत जातं. ऑक्सिजन जितका, करंट तितका. म्हणजे हवा लागली की शिसं झिजणारच, मीटर बंद का असेना! म्हणून घेताना हवाबंद पाकीट आणि तारीख बघा.

आपल्या रावेर-सावद्याकडं आणखी एक घात होतो. पिकताना केळी कार्बन डायऑक्साइड सोडते, तो आम्लधर्मी, हळूहळू आतलं अल्कलीचं, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं, द्रावणच मारतो. माझा पहिला सेल असाच लवकर गेला. आता मी आम्लाच्या द्रावणाचा घेतो.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा जुळवणं, चेंबरच्या दारात करू नका. मी मीटर बांधावर मोकळ्या हवेत नेतो, आकडा थरथरायचा थांबेपर्यंत धरतो, मग मोकळ्या हवेतल्या ऑक्सिजनचा 20.9 टक्के आकडा लावतो. आणि 19.5 टक्क्यांच्या खाली दिसलं तर आत पाऊल टाकू नका, आधी पंखे लावा. 19.5 च्या वर असलं तरी कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजा, तो या सेलला दिसत नाही.