मदत हवी आहे: फेअरबँक्सजवळच्या वीज नसलेल्या केबिनसाठी तेलाचा हीटर

नमस्कार मंडळी,

अलास्कात फेअरबँक्सच्या बाहेर लहानशा लाकडी केबिनमध्ये आम्ही दोघं या हिवाळ्यापासून राहणार आहोत. विजेची लाइन तिथवर येत नाही. थंडीत पारा उणे ४० ला जातो, त्यामुळे रात्री हीटर बंद पडला तर जिवाशी गाठ.

इथे बहुतेकांकडे टोयोटोमी या जपानी कंपनीचे तेलावरचे हीटर दिसतात. तेल कमी खातात, जळणासाठी हवा बाहेरून घेतात, थर्मोस्टॅटही असतो. पण पंखा आणि पेटवणी विजेवर चालते. डिसेंबरात दिवस चार तासांचाही नसतो, म्हणजे सोलरची आशा नाही. बॅटरीवर चालवावं तर लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करता येत नाही, ती घरातच ठेवावी लागेल.

दुसरा पर्याय म्हणजे थेंबथेंब तेल पडून जळणारी जुन्या पद्धतीची शेगडी. टाकी उंचावर ठेवली की विजेशिवाय चालते. मला हीच जास्त भरवशाची वाटते. मात्र ती खोलीतली हवा घेते आणि धूर वर खेचला जायला चिमणीला चांगली ओढ लागते. घर घट्ट बंद असताना कार्बन मोनॉक्साइडचं काय?

टाकी बाहेर असेल तर नंबर दोनचं (नेहमीचं, डिझेलसारखं) तेल गोठतं, म्हणून नंबर एकच (रॉकेलसारखं पातळ) भरणार. पण उणे ४० ला तेही घट्ट होऊन पातळ नळीत अडतं का? टाकी आत घेतलेली बरी का? लाकडाची शेगडी जोडीला असेलच.

कॅनडा, नॉर्वे, लडाखकडे राहिलेल्या कुणी अशी शेगडी वापरली असेल तर कृपया सविस्तर लिहा. बर्फ पडायच्या आत चिमणी बसवायची आहे.