अनुभव धागा: थाई बीएल ('बॉइज लव्ह', म्हणजे दोन मुलग्यांच्या प्रेमकथांच्या) मालिकांनी तुम्हाला काय दिले?

निळीशाई

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ रोजी समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला, त्या दिवशी बँकॉकच्या सियाम पॅरागॉन मॉलमध्ये नोंदणीसाठी जमलेल्या जोडप्यांची छायाचित्रे परवा पुन्हा पाहण्यात आली. त्यांत केस पांढरे झालेली जोडपीही होती. ती पाहताना मला २०२० ची टाळेबंदी आठवली, कारण त्या देशाशी माझी ओळख त्या दिवसांत पाहिलेल्या 'टुगेदर' या मालिकेने करून दिली होती. पिच्छा पुरवणाऱ्या एका मुलाला टाळण्यासाठी टाइन हा विद्यार्थी सारावत नावाच्या गिटारवादकाला खोटा प्रियकर होण्याची गळ घालतो, एवढीच ती गोष्ट. भाग यूट्यूबवर चार तुकड्यांत येत असे आणि इंग्रजी उपशीर्षके वाचत मी तो रात्री उशिरा पाहत असे.

आपल्याकडे पडद्यावर असे पात्र आले की ते हसण्यासाठी तरी असायचे किंवा शेवटी मरण्यासाठी तरी. इथे मात्र दोन मुलगे गिटारच्या तारा जुळवत बसले आहेत आणि पाहणाऱ्याला काळजी कसली, तर एकाच्या मनातले दुसऱ्याला कधी कळणार याची! इतकी साधी काळजी करण्याची मुभा अशा गोष्टीत मला त्याआधी कोणी दिली नव्हती. या मालिकांकडे केवळ गोड आणि हलके म्हणून पाहू नये, त्यांची गांभीर्याने चर्चा व्हावी, असे मला मनापासून वाटते. आपापले अनुभव लिहावेत; काय खटकले तेही अवश्य लिहावे.

वेताळटेकडी

'सोटस', २०१६. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची मुले रांगेत उभी आहेत आणि तिसऱ्या वर्षाचा आर्थित त्यांच्यावर ओरडतो आहे, हे पहिले दृश्य पाहूनच माझ्या पोटात गोळा आला होता. आपल्याकडे रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला, तरी वसतिगृहात 'ओळखपरेड' म्हणून काय काय चालते हे मी भोगलेले आहे. त्यामुळे या मालिकेतील प्रेमकथा माझ्यासाठी पुष्कळ काळ दुय्यम होती. आर्थितच्या दटावणीला काँगपोब हा नवखा मुलगा सर्वांसमोर शांतपणे उत्तर देतो आणि मैदानाला फेऱ्या मारण्याची शिक्षाही तितक्याच शांतपणे पुरी करतो, हे पाहताना मला जो आधार वाटला तो शब्दांत मांडणे कठीण आहे. शिस्त आणि परंपरा यांच्या नावाखाली चालणाऱ्या छळाला ही मालिका प्रश्न विचारते, आणि तरीही वरिष्ठांमध्ये माणूस शोधण्याचे सोडत नाही.

सर्वांवर डाफरणाऱ्या या आर्थितला गुलाबी सरबत घातलेले थंडगार दूध फार आवडते. चारचौघांत ते मागवताना तो किंचित अवघडतो आणि काँगपोबच्या ते बरोबर लक्षात राहते. क्रिस्ट आणि सिंगतो या दोघा अभिनेत्यांनी असे बारकावे फार जीव लावून उभे केले आहेत.

दहिवर

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते, म्हणून 'मूनलाइट चिकन'विषयीच लिहीन. २०२३ ची ही आठ भागांची मालिका पट्टायामध्ये घडते. समुद्रकिनारी पर्यटकांची गर्दी आणि आतल्या गल्लीत जिमचे कोंबडी-भाताचे लहानसे दुकान. जिम चाळिशीकडे झुकलेला, कर्जाने आणि जुन्या दुःखाने थकलेला. त्याची आणि वेनची कथा सर्वांनी वाखाणली, परंतु माझा जीव गुंतला तो जिमचा भाचा ली मिंग आणि ऐकू येणे बंद झालेला हार्ट या दोघांत.

हार्टचे आईवडील श्रीमंत आहेत, मुलावर त्यांची मायाही आहे, आणि तरीही ते त्याची भाषा शिकलेले नाहीत. त्यांनी त्याला जपण्याच्या नादात घरात जवळजवळ कोंडले आहे. ली मिंग मात्र त्याच्यासाठी खुणांची भाषा शिकायला बसतो. चुकत, अडखळत, बोटांकडे पाहत त्याने केलेल्या त्या पहिल्या खुणा पाहताना मला माझ्या वर्गातील मुलांचे चेहरे दिसत होते. अनेक पालक वर्षानुवर्षे माझ्याकडे येतात, मुलाच्या गुणपत्रिकेची चौकशी करतात, पण घरी त्याच्याशी चार वाक्ये खुणांनी बोलत नाहीत. हा प्रसंग मी पालकसभेत दाखवला. दोन मुलग्यांची गोष्ट म्हणून काहींनी आधी नाक मुरडले. प्रसंग संपल्यावर मात्र एका आईने वर्ग कधी असतात ते विचारले.

रानजाई

सर्वांचे वाचून आनंद झाला, परंतु मला या मालिकांवर मनापासून रागही आहे आणि तो मी लिहिणार आहे.

पहिली गोष्ट संमतीची. झोपलेल्या किंवा दारू प्यायलेल्या मुलाचे चुंबन घेणे, नकार दिल्यावरही अंगचटीला जाणे, हे अनेक जुन्या मालिकांत प्रेमाचे लक्षण म्हणून रंगवले आहे. २०१९ ची 'थार्नटाइप' अतिशय गाजली, पण त्यातील अशा काही प्रसंगांत मला टीव्ही बंद करावा लागला. नायकावर बालपणी झालेल्या अत्याचाराची गोष्ट सांगणारी मालिका स्वतः स्पर्शाच्या बाबतीत इतकी बेफिकीर कशी असू शकते? दुसरी गोष्ट, 'मी तसा नाही, मला फक्त तू आवडतोस' हे वाक्य. ते ऐकायला गोड लागते, पण त्यातून 'तसा' असणे जणू कमीपणाचे ठरते. आणि तिसरी, बायकी वागणारे मित्र. ते आजही बहुतेक वेळा केवळ हशा पिकवण्यासाठी आणले जातात. ज्या मुलांना शाळेत सर्वाधिक चिडवले गेले, त्यांनाच या गोष्टीत प्रेम मिळू नये, हे मला सहन होत नाही.

कलाकारांविषयीही बोलले पाहिजे. मालिका संपल्यावरही त्या जोडीने चाहत्यांच्या मेळाव्यांत एकमेकांचे हात धरून वावरावे, अशी अपेक्षा असते. त्यांपैकी कोणी खऱ्या आयुष्यात एखाद्या मुलीबरोबर दिसला तर चाहते तुटून पडतात. विशीतल्या मुलांवर हा भार टाकणे अन्यायाचे आहे आणि आपण चाहत्यांनीच तो उतरवला पाहिजे.

निळीशाई

रानजाई, तुमच्या तिन्ही मुद्द्यांशी मी सहमत आहे. 'टुगेदर'मध्येही टाइनच्या मागे लागणारा ग्रीन बराच काळ विनोदापुरताच वापरला आहे, हे मला तेव्हाही बोचले होते. मात्र २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'बॅड बडी'त दिग्दर्शक नोप्पार्नाच यांनी यांतील कितीतरी सवयी जाणीवपूर्वक मोडल्या आहेत, असे मला वाटते. मुलींना खलनायिका करण्याऐवजी इंक आणि पा यांना त्यांची स्वतःची प्रेमकथा दिली आहे.

मांडवी

माझे बालपण पणजीत पोर्तुगीज वळणाच्या घरांच्या फोंतेन्यश भागाजवळ गेले, त्यामुळे 'आय टोल्ड सनसेट अबाउट यू' लावल्यावर पहिल्या काही मिनिटांतच मी चक्रावलो. फुकेतच्या जुन्या गावातील चिनी-पोर्तुगीज वळणाची घरे, त्यांच्या कमानी, रंग उडालेल्या भिंती, आणि त्या गल्ल्यांतून शाळेच्या गणवेशात हिंडणारे तेह आणि ओ-एव्ह! २०२० ची ही मालिका अवघी पाच भागांची आहे, पण तिच्याइतका समुद्र मी दुसऱ्या कोणत्याही मालिकेत पाहिलेला नाही.

तेहची आई नूडल्सचे दुकान चालवते, ओ-एव्हच्या घरचे रिसॉर्ट आहे. दोघेही विद्यापीठाच्या प्रवेशासाठी चिनी भाषा शिकत आहेत. तेहला स्वतःच्या मनातले कळत नाही आणि जे कळते त्याची भीती वाटते, ही घालमेल बिलकिन या अभिनेत्याने इतक्या खरेपणाने दाखवली आहे की काही प्रसंग पाहताना मला नजर वळवावी लागली. तेह आपल्या थोरल्या भावासमोर रडत रडत सारे कबूल करतो आणि भाऊ त्याला जवळ घेतो, तो प्रसंग मी माझ्या दादाला पाठवला. दादा फार बोलणारा माणूस नाही. 'पाहिले. रविवारी जेवायला घरी ये,' एवढेच त्याचे उत्तर आले आणि मला ते पुरले.

पाऊसवेळ

मी कोल्हापूरचा आहे, गेली काही वर्षे माझ्या जोडीदाराबरोबर पुण्यात राहतो आणि दोन्ही घरी आम्ही 'रूममेट' आहोत. निळीशाई यांनी 'बॅड बडी'चा उल्लेख केला म्हणून लिहितो आहे.

पॅट आणि प्रान यांची घरे शेजारी, वडिलांचे धंदे एकमेकांच्या स्पर्धेतले आणि वैर पिढीजात. गच्चीवरच्या चुंबनाच्या प्रसंगाची सर्वांनी पारायणे केली, आम्हीही केली. पण आमच्या दृष्टीने ही मालिका खरी तिच्या शेवटात आहे. दोघे एकत्र राहतात, आईवडिलांसमोर मात्र काहीच नसल्यासारखे वागतात, आणि आईवडील सारे ठाऊक असूनही ठाऊक नसल्यासारखे वागतात. अनेकांना हा शेवट अर्धवट वाटला. आम्ही दोघे मात्र पडद्याकडे पाहत गप्प बसलो होतो, कारण आमच्या घरी दर दिवाळीला हेच घडते. माझी आई फराळाचे दोन डबे भरते, दुसऱ्यात बिनसाखरेच्या करंज्या घालते आणि तो कोणासाठी हे कधीही बोलत नाही. माझ्या जोडीदाराला मधुमेह आहे.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्या रात्री आम्ही 'नॉट मी'मधील, विवाहाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चातील भव्य इंद्रधनुषी झेंड्याचा प्रसंग पुन्हा लावला. ती मालिका आली तेव्हा थायलंडमध्येही हा कायदा नव्हता. मालिकांमुळे कायदा झाला, असे मी म्हणणार नाही. तेथील कार्यकर्ते त्यासाठी अनेक वर्षे रस्त्यावर होते. पण घराघरांत या मुलांवर जीव लावणाऱ्या प्रेक्षकांमुळे त्या कार्यकर्त्यांचे बोलणे अनेकांना परके वाटले नसेल, असे मला ठामपणे वाटते.

दहिवर

पाऊसवेळ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगावा. बिनसाखरेच्या करंज्यांच्या सारणात खजूर घालत असतील तर प्रमाण अवश्य विचारून लिहा. आमच्या घरीही मधुमेह आहे.

पाऊसवेळ

खजूर आणि अंजीर दोन्ही घालते. प्रमाण विचारून कळवतो. आणि एक विचारायचे होते: आईला यांतील एखादी मालिका दाखवावी, असे बरेच दिवस मनात आहे. तिला इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे शेजारी बसून मला सांगावे लागेल. कोठून सुरुवात करावी?

रानजाई

'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स' दाखवा. उत्तर थायलंडच्या डोंगरातील शाळा, हृदयप्रत्यारोपणानंतर तेथे शिकवायला आलेला शहरी मुलगा तियान आणि वनाधिकारी फुफा. स्पर्श कमी, जिव्हाळा पुष्कळ आणि गावातली गोड मुले. संवादही संथ आहेत, त्यामुळे भाषांतर करून सांगायला तुम्हाला सवड मिळेल. पहिल्याच भागात एका तरुण शिक्षिकेचा अपघाती मृत्यू आहे, तेवढी कल्पना आईंना आधी द्या.