स्पितीला चौघांची दुचाकी-सफर : किन्नौरकडून शिरावे की मनालीकडून?

घाटवाट (पुणे) :
नमस्कार. येत्या सप्टेंबरात आम्ही चार मित्र दुचाक्या रेल्वेने चंदीगडला पाठवून हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात जाणार आहोत. चंदीगड ते चंदीगड नऊ दिवस हाताशी आहेत. दोघांकडे हिमालयन ४११, एकाकडे एक्सपल्स २०० आणि चौथ्याकडे जुनी, किक असलेली क्लासिक ३५० आहे. कच्च्या रस्त्याचा आमचा अनुभव भोर-वेल्ह्याच्या तांबड्या चिखलापुरता मर्यादित असून, गोट्यांवरून वाहणारे बर्फाचे पाणी आमच्यापैकी कोणीही ओलांडलेले नाही. अटल बोगद्यातून जाऊन ग्रांफू-बातलमार्गे थेट स्पितीतले मुख्य गाव काझा गाठावे, म्हणजे दोन दिवस वाचतील, असे एका मित्राचे म्हणणे आहे. ते कितपत योग्य आहे? शिवाय क्लासिकवाल्याला दुसरी गाडी भाड्याने घ्यायला सांगावे का?

चाकोरीबाहेर :
वाचलेले दोन दिवस काझ्यात डोके धरून झोपण्यात जातील, म्हणून किन्नौरकडूनच शिरावे. मनाली सुमारे २,००० मीटरवर आहे. तिथून निघून त्याच दिवशी सुमारे ४,५५० मीटरचा कुंझुम घाट ओलांडायचा आणि ३,६०० मीटरच्या वर मुक्काम करायचा, हे शरीराला मानवत नाही. नारकंडा, कल्पा, नाको, ताबो असे गेल्यास उंची पायरीपायरीने वाढते आणि काझा ते मनाली हा सर्वांत खराब रस्ता शेवटी, परतताना, हात बसल्यावर येतो. किन्नौरच्या बाजूला दरडींचा त्रास आहे, विशेषतः नाकोजवळच्या मलिंग नाल्यापाशी. त्यामुळे नवातला एक दिवस मोकळा ठेवावा आणि जमल्यास सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरावा. तोवर पाऊस ओसरतो आणि रात्री गारठल्यामुळे नाल्यांचे पाणीही उतरते. पेट्रोल रेकाँग पिओजवळ आणि काझ्यात टाकीभर घ्यावे. काझा सोडल्यावर पुढचा भरवशाचा पंप मनालीचाच धरावा.

जुनी बुलेट :
क्लासिक न्यावी. माझी क्लासिक त्याच काझा-मनाली रस्त्यावर पाण्यात आडवी झाली होती, तरीही हे सांगतो आहे, कारण चूक गाडीची नव्हती, घड्याळाची होती. आम्ही काझ्यात न्याहारीला रेंगाळून दहाला निघालो आणि छतडूच्या अलीकडचा नाला दुपारी चारला गाठला. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी, दिवसभर ऊन खाऊन बर्फ वितळल्यामुळे, गुडघ्याला लागले होते. पुढचे चाक एका गोल गोट्यावरून घसरताच मी घाबरून क्लच दाबला, गती गेली, गाडी कलंडली आणि इंजिनाने पाणी ओढले. अशा वेळी स्टार्टरचे बटण मुळीच दाबू नये. पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आम्ही दोन्ही स्पार्क प्लग काढून सावकाश किक मारल्या, तेव्हा प्लगच्या भोकातून होळीच्या पिचकारीसारखे पाणी उडाले. मग एअर फिल्टर काढून वाळवला, आणि ऑइल ताकासारखे पांढरट झालेले नाही याची खात्री करूनच गाडी सुरू केली. यात तास-दीड तास गेला आणि बोटे इतकी बधिर झाली की प्लगचा पाना हातात टिकत नव्हता.
तेव्हा काझ्याहून एका दिवसात मनाली गाठू नका. चंद्रताल किंवा बातलला मुक्काम करा, म्हणजे पुढचे नाले सकाळी लागतील. प्रत्येक नाला आधी एकाने चालत पार करावा, मग पहिल्या गिअरमध्ये, एक्सिलरेटर स्थिर ठेवून, नजर पलीकडच्या काठावर ठेवून एकेकाने जावे. बाकीच्यांनी मोबाइल खिशात ठेवून पाण्याच्या कडेला उभे राहावे.

पंक्चरपुराण :
वरील मताशी सहमत आहे, फक्त मुक्काम चंद्रतालला केल्यास तलावाच्या काठी तंबू ठोकण्यास बंदी आहे हे ध्यानात ठेवावे. राहुट्या अलीकडे काही अंतरावर असतात. तुमच्या चारही गाड्यांना ट्यूब असणार, म्हणून पुढच्या-मागच्या दोन्ही मापांच्या ट्यूब, टायर-लिव्हर आणि हातपंप घ्यावा, आणि घरीच एकदा स्वतः चाक खोलून पाहावे. आमच्यातील एकाने सगळी हत्यारे आणली होती, पण एक्सल सोडवण्याच्या मापाचा पाना मात्र पुण्यात राहिला होता! रेल्वेला गाडी देताना टाकी रिकामी करावी लागते आणि आरसी पुस्तकाची प्रत लागते. तुम्ही जाणार त्याच गाडीच्या तिकिटावर सामान म्हणून नोंदवलीत, तर ती सोबत पोचण्याची शक्यता अधिक असते.

घाटवाट (पुणे) :
सर्वांचे आभार. किन्नौरकडूनच शिरायचे ठरले असून तारीख वीस सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली आहे. आठव्या दिवशी चंदीगडला परतायचे आणि नववा दिवस मलिंग नाल्याच्या नावे राखून ठेवायचा. क्लासिकवाला खुशीत आहे. येत्या रविवारी पानशेतच्या रस्त्यावर चौघेही एकेक चाक खोलून पुन्हा बसवणार आहोत. ज्याला सर्वांत जास्त वेळ लागेल त्याच्याकडे हातपंप वाहायचे काम.