मदत हवी आहे: चित्ररथासाठी लेकीच्या डोळ्यांचा मेकअप घरीच करायचाय, काजळ आणि आयशॅडो कशी करू?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, अनगोळात राहते. वैशाखातल्या शिवजयंतीला आमच्या मंडळाचा चित्ररथ असतो, सजीव देखावा, आणि यंदा त्यात माझी लेक बाल जिजाऊ झालीय. दहा वर्षांची आहे. बेळगावचे लोक जाणतातच, संध्याकाळी निघालेला रथ परत यायला मध्यरात्र उलटून जाते, वर हॅलोजनचा उजेड, खाली ढोलताशा आणि गर्दी, पोरं ट्रॉलीवर तासन् तास उभी असतात आणि घामाचं तर काय विचारूच नका. जिजाऊ म्हटल्यावर डोळे ठसठशीत पाहिजेतच की ओ, नाहीतर लांबनं बघणाऱ्याला नुसती नऊवारी आणि नथ दिसायची.

अडचण अशी की तिला विकतचं काजळ सोसत नाही. पेन्सिल लावली की थोड्या वेळानं चुरचुरायला लागतं, पाणी यायला लागतं, मग ती हातानं चोळते आणि डोळे लालभडक. शाळेच्या गॅदरिंगला हेच झालं, दुसऱ्या मुलीच्या आईनं लावलेलं काजळ होतं, कुठल्या कंपनीचं ते माहीत नाही. म्हणून मला घरीच काहीतरी करायचंय, ज्यात काय काय घातलंय ते मला स्वतःला ठाऊक असेल.

आमच्या सासूबाई खानापूरकडच्या, त्या म्हणतात घरीच काजळ धर, एरंडेलाचा दिवा लाव आणि वर तांब्याचं ताट पालथं घाल. थोडं करून बघितलं. काजळी धरते पण फार कमी निघते, सगळं ताट खरवडलं तरी पाव चमचा होत नाही, आणि तुपात कालवून मनगटावर लावलं तर बोट फिरलं की सगळीकडं पसरतं. मध्ये मध्ये बारीक कण पण लागतात हाताला. हे कण डोळ्यात गेले तर काय, याचीच मला जास्त भीती वाटते.

दुसरं म्हणजे पापणीवर जरा तपकिरी रंग पाहिजे, म्हणजे डोळा खोल दिसतो. नेटवर बघितलं तर कोणी बीट वाळवून घ्या म्हणतंय, कोणी हळद, कोणी दालचिनी, कोणी कोळशाची कॅप्सूल फोडून लावा म्हणतंय. दालचिनी डोळ्याजवळ? माझं तर वाचूनच डोळं भरून आलं. सासूबाई म्हणतात भीमसेनी कापूर घाल, थंडावा येतो. कोणाचं ऐकू काय कळेना झालंय.

तर कोणी स्वतः केलं असेल तर सांगा: काजळी बारीक कशी करायची, घामानं पसरू नये म्हणून काय घालायचं, तपकिरीला काय वापरायचं, आणि रात्री काढायचं कशानं. लेकीच्या डोळ्यांचा प्रश्न आहे, अंदाजानं सांगू नका तेवढं.

--

शहापूरची लेक:

वैनी, आमच्याकडं आई अजून दरवर्षी काजळ धरते त्यामुळं हे सांगू शकते. काजळी कमी निघायचं कारण बहुतेक ताट तापतंय. थंड पत्र्यावर काजळी लवकर बसते, तापलेल्यावर तेवढी धरत नाही. आई ताट नाही वापरत, तांब्याची नाहीतर स्टीलची रुंद बुडाची वाटी घेते, त्यात थंड पाणी भरते आणि दोन बाजूला दोन विटा ठेवून वाटी दिव्यावर बसवते. पाणी कोमट झालं की बदलायचं. ज्योतीचं टोक वाटीच्या बुडाला जेमतेम टेकलं पाहिजे, लई खाली राहिलं तर तेल नीट जळून जातं आणि धूरच होत नाही, काजळी म्हणजे शेवटी अर्धवट जळलेलं तेलच की. वात जाड आणि जरा लांब काढायची. वारा बिलकुल नको, आई देवघराच्या कोपऱ्यात लावते आणि रात्रभर नाही ठेवत, जागी असते तंवरच, दिवा पेटता सोडून झोपायचं नाही.

ते बारीक कण बहुतेक वातीच्या कापसाचे नाहीतर जळून कडक झालेल्या तेलाचे आहेत. वाटीचं बूड चमच्यानं खसखसून खरवडू नका, कडेच्या खरपुड्या पण त्यात येतात. मऊ ब्रशनं नाहीतर कोऱ्या कागदाच्या कडेनं वरची मऊ काजळी तेवढी झाडून घ्यायची आणि मग मलमलच्या स्वच्छ कोरड्या फडक्यातनं गाळायची. दोन बोटांत चोळून बघा, काहीच लागलं नाही, नुसतं लोण्यासारखं सरकलं तर झालं.

--

खानापूरचा नाटकवाला:

मी गावच्या जत्रेतल्या नाटकांना रंगभूषा करतो, हौस म्हणून. तुमचं काजळ पसरतंय कारण नुसतं तूप आहे. तूप नाहीतर खोबरेल अंगाच्या उबेनं पातळ होतं, खोबरेल तर 24 डिग्रीलाच वितळतं, आणि वैशाखात हॅलोजनखाली काय होणार तुम्हीच बघा. त्यात मधमाशीचं मेण पाहिजे. मेण 62 ते 64 डिग्रीला वितळतं म्हणून अंगावर घट्ट राहतं. एक भाग मेण, चार भाग एरंडेल, वाटी गरम पाण्यात ठेवून वितळवायचं, गॅसवर थेट नको, आणि खाली उतरवून काजळी थोडी थोडी घालत घोटायचं. थंड झाल्यावर जास्त कडक वाटलं तर परत गरम करून दोन थेंब एरंडेल. लावल्यावर वरनं कोरड्या ब्रशनं आरारूटची अगदी हलकी फुंकर, डोळे मिटून, म्हणजे बसतं.

तपकिरीला कोको पावडर घ्या, साखर नसलेली, त्यात थोडं आरारूट, आणि बोटाला खोबरेल लावून वर टेकवायचं. बीट नका करू. पहिल्यांदा गुलाबी सुंदर दिसतं पण उजेडात आणि उष्णतेत रंग उडतो, रथ मध्यावर येईपर्यंत मळकट होतंय. हळदीचा डाग तर पापणीवरनं दुसऱ्या दिवशीपण जात नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो. मंडळाच्या पेटीत जुनं सामान असेल तर ते बाळाच्या तोंडाला लावू देऊ नका. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचंच, जुनी माणसं पिवळसर रंगाला वापरायची. शेंदूर पण शिशाचा असतो, काही वेळा पाऱ्याचा. कुंकू पापणीवर लावायची काही जणांना सवय असते, ते पण नको, घरचं केलेलं असलं तरी त्यात चुना नाहीतर टांकणखार आणि लिंबू असतं, डोळ्याला झोंबतंय. आणि चमकी. ती क्राफ्टच्या दुकानातली चमकी प्लास्टिकची, कधी काचेची पण असते, एक कण बुबुळावर बसला आणि पोरीनं चोळलं की ओरखडा पडला.

शेवटचं, तुम्ही डोळ्याच्या आत काजळ घालायचा विचारच सोडा. रथ वीस-तीस फुटांवरनं बघतात लोक. लांबनं दिसते ती भुवई, आणि वरच्या पापणीच्या केसांच्या बाहेरनं काढलेली रेघ. रेघ डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापुढं करंगळीच्या नखाएवढी न्या, भुवई जरा जाड आणि टोकाला उचललेली करा, जिजाऊंचा करारीपणा तिथनंच येतोय. मी आमच्या पोरांना असंच करतो.

--

अनगोळची वैनी (धागाकर्ती):

दादा, हे भुवयांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, लई उपकार. मेण रविवार पेठेत मिळेल का बघते. शहापूरची लेक, पाण्याची वाटी आजच करून बघितली, खरंच जास्त धरतंय.

कापराचं कोणी सांगा ना. सासूबाईंचा आग्रह आहे, त्यांच्या माहेरी घालायचे म्हणतात आणि मला त्यांचं मन मोडवत नाही.

--

टिळकवाडी, डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी:

मी डॉक्टर नाही, चष्म्याचे नंबर तपासते, पण रोज हेच बघते म्हणून लिहितेय.

ताई, सगळ्यात आधी लेकीचे डोळे एकदा दाखवून घ्या. उन्हाळ्यात या वयाच्या मुलांना डोळ्यांची ॲलर्जी खूप होते, खाज येते, चिकट धाग्यासारखी घाण येते, मुलं सारखी चोळतात. तसं असेल तर विकतचं असो की घरचं, ॲलर्जी चालू असताना काहीच लावायचं नाही, मग फक्त भुवया रंगवा आणि पापणी मोकळी सोडा. घरचं आहे म्हणून सोसेलच असं नसतं.

कापूर नको. भीमसेनी असो की साधा, डोळ्यात तो थंडावा म्हणून वाटतो ती खरं तर झोंबण्याचीच भावना असते, आणि पाणी आल्यावर सगळं ओघळणारच. सासूबाईंना सांगा की कापूर लावल्यावर उडून जातो, त्याचा थंडावा तसाही फार वेळ टिकणार नाही. ते खरं पण आहे आणि त्यांना पटेल पण.

पापणीच्या आतल्या ओल्या कडेला रेघ का नको ते सांगते. तिथं तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात, वरच्या पापणीत 25 ते 40 आणि खालच्या पापणीत 20 ते 30. त्यातलं तेल अश्रू लवकर सुकू देत नाही. मेण आणि काजळी तिथं रोज भरली की तोंडं बुजतात आणि मग रांजणवाडी. काजळी घरची असली तरी त्यात अर्धवट जळलेल्या तेलातली रसायनं असतात, म्हणून एका रात्रीपुरतं, बाहेरनं, एवढंच ठीक. कोळशाची कॅप्सूल बिलकुल नको, ती भुकटी काजळीपेक्षा खूप भरड असते.

कोरफडीच्या गरात काजळी कालवायची रेसिपी नेटवर फिरतेय, ती पण नको. पाणी असलेलं काहीही घरात केलं की त्यात जंतू वाढतात, वास येतो तोवर बराच उशीर झालेला असतो. मेण आणि तेलात पाणी नसतं म्हणून ते टिकतं. तरी डबी उकळून अगदी कोरडी केलेली घ्या, ओलं बोट घालू नका, आणि शिवजयंती झाली की टाकून द्या.

आधी कानामागं थोडं लावून एक दिवस ठेवा, लाल झालं नाही तर मग पापणीच्या बाहेर, आणि हे सगळं निदान आठवडाभर आधी. त्याच दिवशी पहिल्यांदा लावायचं नाही.

--

निपाणीकर:

आमच्यात तर बाळाची पाचवी झाली की काजळ घालतात, पिढ्यान् पिढ्या घालायलेत, कोणाचे डोळे गेले नाहीत. उगाच घाबरवायलाय तुम्ही लोक.

--

टिळकवाडी, डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी:

दादा, तुमच्या घरात त्रास झाला नाही हे चांगलंच आहे. पण बाळाच्या डोळ्यातनं नाकात जाणारी अश्रूंची नळी एवढीशी असते, आणि घालणाऱ्याचं बोट, नख, डबी सगळंच स्वच्छ असेल असं नाही. आमच्याकडं चिकटलेले डोळे घेऊन बाळंतिणी येतात तेव्हा डॉक्टर पहिलं काजळच बंद करायला सांगतात. दृष्ट लागू नये म्हणून घालायचं असेल तर कानामागं नाहीतर तळपायाला टीट लावा. आणि बाजारातला सुरमा तर आणखी वेगळा, तो पुष्कळदा शिशाच्या खनिजाचा असतो, नुसतं बघून कळत नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला वाईट. अमेरिकेत तर असलं काजळ-सुरमा विकायला परवानगीच नाही.

--

अनगोळची वैनी (धागाकर्ती):

सगळ्यांनी मनापासून लिहिलंत. सासूबाईंना कापराचं वाचून दाखवलं, उडून जातो म्हटल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या मग कशाला. उद्या संध्याकाळी डोळ्याच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्यांनी हो म्हटलं तर मेणाचं काजळ बाहेरनं, कोको पापणीवर, नाही म्हटलं तर नुसत्या भुवया.

आता एकच राहिलं. रथावर आमच्याकडं बारा पोरं आहेत, मावळे, बाल शिवाजी, सगळेच. मंडळात एकच बाई सगळ्यांना एकाच ब्रशनं रंगवणार आणि आता सगळ्या आया माझ्याकडं तुमचं काजळ द्या म्हणायलेत. देऊ का? आणि रात्री एक-दोन वाजता झोपेनं पेंगलेल्या पोरीच्या डोळ्यावरनं हे मेण काढू कशानं, साबण तर नको ना?

--

टिळकवाडी, डोळ्यांच्या दवाखान्यात नोकरी:

काजळ द्या, ब्रश देऊ नका. एका पोराचे डोळे आलेले असले तर त्या एका ब्रशनं सगळ्या रथाचे येतील. डबीतलं काजळ स्वच्छ चमच्याच्या टोकानं प्रत्येकाला वेगळ्या कागदाच्या तुकड्यावर काढून द्या आणि कानकोरणीच्या कापसाच्या काड्यांचं पाकीट आणा, प्रत्येक पोराला नवी काडी, एका डोळ्याला एक. वापरलेली काडी परत डबीत जाता कामा नये. त्या बाईंना आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी गडबडीत कोणी ऐकत नाही. आणि ज्या पोराचा डोळा त्या दिवशी लाल असेल त्याला कोणी कितीही म्हटलं तरी लावू नका.

काढायला साबण नको. कापसावर खोबरेल घ्या, मिटलेल्या पापणीवर जरा वेळ टेकवून ठेवा, मेण सुटलं की वरनं खाली हलक्या हातानं पुसा, घासायचं नाही. मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या स्वच्छ मऊ फडक्यानं तेल टिपून घ्या. पेंगत असली तरी तसंच झोपवू नका.

--

खानापूरचा नाटकवाला:

कापूस आणि खोबरेलाची छोटी बाटली पिशवीत घालून रथाबरोबरच न्या ताई. रथ मंडळात परत लागला की पोरगी खाली उतरल्या उतरल्या तिथंच खुर्चीवर बसवून काढा, घरापर्यंत थांबलात तर ती गाडीवर डोळे चोळतच येणार.